चिंधीचं कारलं

सासऱ्यांनी दुसरा घास घेतला, भाजी छान झाल्याचं सांगितलं, पाण्याचा पेला उचलला आणि तो तोंडाशी नेता नेता थांबले. ओट्याच्या कडेला, कारल्याच्या चिरलेल्या देठांशेजारी, लाल कापडाची एक चिंधी पडली होती.

“सूनबाई,” ते म्हणाले, “ती चिंधी कसली?”

“कारल्याला बांधलेली होती ना, तीच. आई जाताना रिक्षातून ओरडून सांगत होत्या, चिंधीचं लक्षात ठेव गं, म्हणून. मी बरोबर लक्षात ठेवलं. आज सकाळीच उतरवलं. जरा जून झालं होतं, पण बिया काढून टाकल्या.”

सासऱ्यांनी पेला खाली ठेवला. ते निवृत्त वजनमापे निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांचे काटे आणि मापं तपासण्यात गेल्यामुळे गुन्हा समोर आला की त्यांचा चेहरा आपोआप सरकारी होत असे. आता तो तसा होऊ लागला होता, पण तोंडात घास असल्यामुळे नीट जमेना.

“कढईत किती उरलंय?”

“काहीच नाही. मी मघाशीच जेवले, आता तुमच्या पानात आहे तेवढंच.”

सासऱ्यांनी पानाकडे पाहिलं. कारल्याच्या चार चकत्या त्यांच्याकडे बघत होत्या.

चूक कुणाची म्हणावी, हा प्रश्नच होता. सून घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्या माहेरी परसात भाजीपाल्याचा मोठा वाफा होता आणि घरात पोरं पुष्कळ. पोरांना भाजी तोडायला पाठवलं की ती कोवळं, जून, हाताला येईल ते ओरबाडून आणत. म्हणून तिची आई पहाटे वाफ्यातून फिरून यायची आणि आज जे तोडायचं त्याला चिंधी बांधून ठेवायची. चिंधी म्हणजे ‘हे तोडा’. लहानपणापासून ती हेच पाहत आली होती. सासरी चिंधीचा अर्थ नेमका उलटा होता. इथं ती बियाण्यासाठी राखलेल्या कारल्याला बांधत आणि त्याला घरात कुणी बोट लावत नसे. सासूबाईंना वाटलं, एवढं तर कुणालाही ठाऊक असतं. सुनेलाही तसंच वाटलं. दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून दोघींनीही विचारलं नाही.

“आता रडू नकोस,” सासरे म्हणाले. सून रडत नव्हती, पण त्यांनी असं म्हटल्यावर तिला रडू यायला लागलं.

“एका कारल्याचं एवढं काय हो बाबा? वेलीवर आणखी आहेत की.”

“ती कोवळी. बी धरायला चिंधीचं एकच. आणि ते तुझ्या मावससासूबाईंसाठी होतं.”

मग त्यांनी तिला सगळी गोष्ट सांगितली.

सासूबाईंच्या आईच्या दारात कारल्याचा एक वेल होता. फळं लहान, हिरवीगार, पोटाशी फुगलेली आणि अशी खरबरीत की हातात घेतलं तर पाल धरल्यासारखं वाटावं. लग्न होऊन दोघी बहिणी निघाल्या तेव्हा आईनं दोघींच्याही पदरात त्याचं बी बांधलं होतं. थोरलीनं ते गच्चीवर लावून दरवर्षी पुढे चालवलं. धाकटीचं घर बदलताना गेलं. तिनं थोरलीकडे मागितलं, थोरलीच्या घरून ते मिळालं, आणि त्यातलं एकही उगवलं नाही. त्यावर धाकटीनं निरोप धाडला की, ताईला सांगा, द्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं, उकळून कशाला दिलं.

“उकळून?” सून म्हणाली.

“उकळून. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. लग्नकार्यात एकमेकींना पाठ करून बसायच्या. आम्ही मधल्यामध्ये निरोप पोचवून थकलो. आता मोतीबिंदू काढायची वेळ आली तेव्हा धाकटीला ताई आठवली. म्हणून तर तुझ्या सासूबाई तिकडे गेल्यात. आणि आता त्या दोघी मिळून इकडे यायच्यात. धाकटीनं सांगितलंय, या खेपेला पुडी नको, मी माझ्या डोळ्यांदेखत वेलीवरून उतरवून घेणार.”

तेवढ्यात फोन वाजला. तो सासूबाईंचाच होता. त्यांच्या फोनला वेळ साधायची एक खास सवय होती. घरात काही सांडलं, फुटलं की पाठोपाठ तो वाजायचाच.

सासऱ्यांनी उचलला. सून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली.

“हो, जेवलो... भाजी. कसली म्हणजे, भाजी... उद्या? उद्या सकाळीच? नाही, नाही, या की. मी कुठं नको म्हणालो... चिंधीचं ना? बरं आहे. अगदी बरं आहे. तब्येत छान आहे.” मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “अरे वा. छान झालं.”

“काय छान झालं?” फोन ठेवल्यावर सुनेनं विचारलं.

“ऑपरेशन. धाकटीला लख्ख दिसायला लागलंय. सुईत दोरा ओवते म्हणे, चष्म्याशिवाय.”

संध्याकाळी मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, कामावरून आला तो थेट या सल्लामसलतीत सापडला. तो चष्म्याच्या दुकानात होता. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवून ‘आता नीट दिसतंय की मघाशी?’ असं विचारण्यात त्याचा वेळ जाई, आणि घरीही त्याच्या बोलण्याला तोच वळसा पडलेला होता.

“आपण सरळ सांगून टाकू,” तो म्हणाला.

“तू सांग,” सासरे म्हणाले. “तुझी आई आहे.”

मुलानं जरा विचार केला. “किंवा दुसरं कारलं आणू.”

तो पिशवी घेऊन बाजारात गेला आणि एक कारलं घेऊन आला. ते हातभर लांब, फिकट आणि गुळगुळीत होतं. गच्चीवर नेऊन काळ्या दोऱ्यानं ते वेलीला टांगलं. वेलीची खरी कारली आपली पोटं घेऊन पानाआड मुकाट बसली होती आणि त्यांच्यामध्ये हा पाहुणा परक्या लग्नात चुकून शिरलेल्या माणसासारखा लोंबत होता.

“आता नीट दिसतंय की मघाशी?” मुलानं विचारलं.

“मघाशी,” सून म्हणाली. “नव्हतं तेव्हा.”

सासऱ्यांनी ते तळहातावर तोलून पाहिलं. “वजनाला भारी आहे. आपलं एवढं नव्हतं. शिवाय हे हिरवंय. आतापर्यंत ते पिवळं पडायला हवं होतं.”

“मग पिकवू. केळ्यांबरोबर डब्यात ठेवलं की पिकतं.”

“सकाळपर्यंत?”

“थोडी जास्त केळी घालू.”

“आणि लांबीचं काय?” सुनेनं विचारलं. “केळ्यांनी ते आखूड होणार आहे का?”

 बापलेकांना हा मुद्दा सुचला नव्हता. सून मात्र मघापासून वेलीकडे बघत होती. भीतीनं माणसाची नजर धारदार होते, तशी तिची झाली होती. मांडवाचं एक टोक पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं होतं आणि तिथून काही फांद्या टाकीच्या मागे, भिंतीच्या सांदीत उतरल्या होत्या. तिकडे कुणी जात नसे. जायला वाटच नव्हती. तिनं पदर खोचला, स्टुलावर चढली आणि टाकीच्या कडेवरून ओणवी होऊन पानांत हात घातला.

“सांभाळ,” नवरा म्हणाला. “विंचूबिंचू असेल.”

“असू दे. उद्या सकाळपेक्षा तो बरा.”

आणि तिचा हात थबकला. बोटांना काहीतरी जाड, खरबरीत लागलं होतं. तिनं पानं बाजूला केली. लहानसं, पोटाशी फुगलेलं, शेंड्याकडून पिवळं पडत चाललेलं एक कारलं सांदीच्या सावलीत आरामात लटकत होतं. त्याच्यावर ना चिंधी होती ना खूण. जणू घराला त्याचा पत्ताच नव्हता.

“सापडलं,” ती म्हणाली, आणि आता मात्र खरंच रडली.

मुलानं लांब देठ ठेवून ते कापलं आणि सासऱ्यांनी तळहातावर तोलून निर्वाळा दिला की वजनमाप बरोबर आहे. मग मुलानं बाजारचं कारलं काढून हे त्याच काळ्या दोऱ्यानं चिंधीच्या कारल्याच्या जागी घट्ट बांधलं आणि दोरा झाकेल अशी लाल चिंधी वर गुंडाळली. तिघंही चार पावलं मागे सरकून बघत राहिले. ते इतकं खरं दिसत होतं की सासरे पुटपुटले, मूळचं सुद्धा एवढं चांगलं नव्हतं.

“कुणाच्या नजरेतून सुटलं असेल हो हे,” सून म्हणाली.

“आईच्याच,” मुलगा म्हणाला. “तिचाही चष्मा बदलायला झालाय. मी केव्हापासून सांगतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी बहिणी आल्या. इतक्या वर्षांचं न बोललेलं बोलणं त्यांनी गाडीत संपवायला घेतलं होतं, तरी ते जिन्यातही चालूच होतं. सासूबाई उंच आणि शांत, मावशी ठेंगणी आणि चटपटीत. डोळ्यांवर काळा चष्मा होता, तो तिनं दारात पाऊल टाकताच कपाळावर चढवला आणि घरभर नजर टाकली.

“ताई, तुझ्या भिंतीला चीर गेलीय,” ती म्हणाली. “आणि भाऊजी, तुम्ही केस काळे करता का? कानामागे राहिलंय.”

 सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे बघत होता.

“आधी बसा, पाणी घ्या,” सासरे म्हणाले.

“पाणी कुठं पळून जात नाही. आधी वेल दाखव, ताई.”

सगळे गच्चीवर गेले. सकाळचं ऊन मांडवावर उतरलं होतं, पिवळ्या फुलांवर माश्या घोंगावत होत्या. मावशी दोन्ही हात पाठीमागे बांधून वेलीखाली उभी राहिली आणि जराशी मऊ झाली. “आईच्या दारात असाच वास यायचा गं,” ती म्हणाली. मग तिची नजर लाल चिंधीवर गेली आणि पावलंही तिकडे वळली. “हेच ना माझं?”

 मावशीचे नवे डोळे चिंधीपासून हातभर अंतरावर होते. सासरे मावशी आणि चिंधी यांच्या मध्ये येऊन उभे राहिले आणि हवापाण्याविषयी काहीतरी बोलू लागले.

“ते राहू दे,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “ते लोकांसाठी आहे. तू घरची. तुझं इकडे ठेवलंय.”

आणि त्या टाकीकडे चालू लागल्या.

सुनेला आधी कळलंच नाही. मग कळलं. सासूबाईंनी टाकीच्या कडेवरून, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, न बघता सांदीत हात घातला. हात थोडा डावीकडे गेला. थोडा उजवीकडे गेला. मग आणखी खोल गेला. मग रिकामा बाहेर आला.

“इथलं कुठंय?” त्या म्हणाल्या.

 मावशीनं हातांची घडी घातली.

“छान,” ती म्हणाली. “मागं उकळलं होतंस. यंदा गायबच केलंस. सरपणाचा खर्च वाचला.”

“धाकटे, अगं आईशपथ, माझ्या हातानं ठेवलं होतं मी इथं...”

“आईला कशाला मध्ये आणतेस? आईनं दोघींना सारखंच दिलं होतं. एवढ्या लांबून आले मी. डोळ्यांत अजून औषध घालतेय. गाडी कधी आहे परतीची?”

सासूबाईंचा चेहरा असा झाला की सुनेला तो पाहवेना. रागावलेल्या सासूबाई तिनं पाहिल्या होत्या. पण खोट्या ठरलेल्या सासूबाई तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. काल दुपारपासून तिला आपलं काय होईल याची भीती वाटत होती, ती या क्षणी कुठल्या कुठे गेली.

“मी खाल्लं,” ती म्हणाली.

“टाकीमागचं?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही, चिंधीचं. आमच्याकडे चिंधी म्हणजे तोडायचं असतं. म्हणजे माहेरी. मी एकटीनं नाही, बाबांनीही खाल्लं. मग टाकीमागे हे दिसलं, आम्हाला वाटलं, कुणाला ठाऊक नसलेलं आहे. म्हणून तोडलं आणि चिंधी बांधून तिथं लावलं. आईंची काही चूक नाही मावशी. तुमचं कारलं ते आहे. ते लटकतंय ते.”

एवढं एका दमात बोलून ती थांबली. सगळ्यांनी वळून चिंधीकडे पाहिलं. मावशी पुढे झाली, तिनं चिंधी वर सारली आणि म्हणाली, “काळा दोरा. तीन गाठी. मला वाटलंच, कारल्याला देठावर बटण कशाला.”

तिनं दोरा सोडला आणि कारलं हातात घेतलं. रात्रभरात ते पुरतं पिवळं झालं होतं आणि सकाळच्या उन्हानं शेंड्याकडून तीन पाकळ्यांत उकललं होतं. आत लालचुटूक गरात बिया दाटीनं बसल्या होत्या. सासूबाईंनी एक बी काढून नखानं दाबून पाहिली. टणक होती.

“पिकलंय,” त्या म्हणाल्या. “एका रात्रीनं काही बिघडत नाही.” आणि त्यांनी असा सुस्कारा सोडला की वेलीचं एक पान हललं.

मावशीनं एक बी तोंडात टाकून गर चोखला. लहानपणी दोघी हेच करायच्या. पिकलेल्या कारल्याचा गर गोड असतो, हे सुनेनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बहिणी कठड्यावर टेकून आळीपाळीनं बिया काढू लागल्या, दोघींची बोटं लाल झाली. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं तिच्याकडे. सगळं निभावलं होतं.

“पण ताई,” मावशी बी चोखता चोखता म्हणाली, “ते लोकांसाठी म्हणजे काय?”

“अगं, चिंधी बांधली की सगळ्यांची नजर तिकडे जाते. शेजारी मागतात, पाखरं टोचतात, कुणीतरी हात घालतं. म्हणून चिंधी मी एखाद्या हलक्या फळाला बांधते आणि खरं बियाणं आत ठेवते. चिंधीचं फार तर भाजीला बरं. त्याचं बी कुठलं उगवायला?”

“आणि हे घरात कुणाला ठाऊक नाही?”

“सांगितलं की फुटतं.”

मावशीनं चोखलेली बी तळहातावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिली. ती काहीतरी जुळवत होती.

“मग त्या वर्षी,” ती हळूच म्हणाली, “मी आले तेव्हा तू घरी नव्हतीस. मला बी भाऊजींनी काढून दिलं होतं.”

“हो. मीच ह्यांना सांगून गेले होते, धाकटी आली तर वेलीवरचं बियाणं द्या म्हणून.”

“कुठल्या कारल्याचं दिलं होतं, भाऊजी?”

सासऱ्यांना त्याच क्षणी टाकीत पाणी किती आहे ते बघायची आठवण झाली होती आणि ते जिन्याच्या तोंडापर्यंत पोचले होते. टाकी गच्चीवरच असल्यामुळे हे निमित्त टिकण्यासारखं नव्हतं.

“अहो,” सासूबाई म्हणाल्या.

“चिंधीचंच दिलं,” सासरे म्हणाले. “दुसरं कुठलं देणार? घरात सगळे म्हणायचे, बियाणं म्हणजे चिंधीचं. मला काय माहीत मी लोकांत मोडतो?”

 दोघी बहिणी त्यांच्याकडे एकदमच वळल्या होत्या. अशा उभ्या राहिल्या की दोघींच्या आईचा चेहरा दोघींवर सारखाच दिसत होता.

“इतकी वर्षं,” मावशी म्हणाली, “मी माझ्या सख्ख्या बहिणीला उकळलं उकळलं म्हणत राहिले.”

“आणि मी हिला कुचकी म्हणत राहिले,” सासूबाई म्हणाल्या. “आणि हे दोघींचे निरोप पोचवत राहिले.”

“आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासले ना यांनी?”

“हो तर. फरक पकडण्यात नाव होतं.”

सासरे पायरीवर बसले. सूनबाईंनी आपल्याला पाणी आणून द्यावं असं त्यांना फार वाटत होतं. पण सूनबाई मुकाट्यानं काळा दोरा गुंडाळत होत्या.

त्यानंतर मावशी ठरल्यापेक्षा जास्तच दिवस राहिली. बहिणींना आता बोलायला नवा विषय मिळाला होता आणि तो रोज त्यांच्या समोर बसून वर्तमानपत्र वाचत असे. जाताना मावशीनं निम्म्या बिया नेल्या. काही आठवड्यांनी फोन आला. सासूबाईंनी ऐकलं, डोळे पुसले आणि घरात जाहीर केलं, “उगवलं.”

पुढच्या हंगामात वेल पुन्हा मांडवावर चढला तेव्हा सासूबाईंनी चिंधी फाडली, एका कारल्याला बांधली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “हिला हात लावायचा नाही. नाही म्हणजे नाही.” मग सुनेला स्वयंपाकघरात गाठून त्या तिच्या कानाशी म्हणाल्या, “खरं टाकीमागे आहे. फक्त तुला सांगतेय. ह्यांना नको, त्याला नको.”

सुनेचा ऊर भरून आला. रोज सकाळी धुणं वाळत घालायच्या निमित्तानं ती टाकीमागे डोकावून यायची. कारलं तिथं असायचं. पण ते काही पोटाशी फुगेना. आणि सासूबाई फुलांना पाणी घालायला वर आल्या की त्यांची पाठ टाकीकडे असायची आणि नजर मात्र हळूच जिन्यावरच्या पत्र्याकडे जायची. तिथं वेलीची एकच फांदी पोचली होती.

एकदा घरात कुणी नसताना सुनेनं स्टूल लावून पत्र्यावर पाहिलं. पोटाशी फुगलेलं एक कारलं तिथं पानांआड आरामात बसलं होतं. मग स्टूल जागेवर ठेवलं, हात धुतले आणि खाली आली.

तिनं हे कुणालाही सांगितलं नाही. सासूबाईंनाही नाही. रात्री नवऱ्यानं जेवताना विचारलं, “यंदाचं बियाणं नीट आहे ना?”

“चिंधीचं ना?” ती म्हणाली. “बरं आहे. तब्येत छान आहे.”